दोराची दोन टोकं

तेजो : खरं सांगू, कांग? मी हे लिहिणारच नव्हतो.

लार्सो : कुठलं?

तेजो : शेवटून दुसऱ्या पानावरचं. सोमवारचं. वाच. नाही, थांब, नको वाचू. बरं वाच, वाच.

लार्सो : चष्मा तरी चढवू दे. हं. "सोमवार. केळ्याची भजी, चार."

वागियेम : सहा.

तेजो : बू! तुम्ही तळताय ना तिकडे? मग तळा की!

वागियेम : तळता तळताच मोजली. सहा. आणि वर मला म्हणतो, "बू, मोडलेली दोन धरायची नसतात."

लार्सो : का रे, मोडलेली का नाही धरायची?

तेजो : ती भजी राहिलीच नव्हती, कांग. नुसता चुरा. पातेल्याच्या कडेला पडला होता बिचारा, कुणी विचारत नव्हतं त्याला.

लार्सो : पोटात गेल्यावर सगळ्यांचाच चुरा होतो. सहा लिही.

तेजो : लिहितो. हे बघ, लिहिलं. पण मी आपणहून कबूल केलं, त्याचं कौतुक काहीच नाही?

लार्सो : आहे ना. दर शुक्रवारी बूच्या टपरीवर बसायचं, मी तुझी वही वाचायची, तू माझी, आणि खोटं लिहायचं नाही. ठरलंच होतं आपलं. तरी तुला चार भजी लिहायला चार दिवस लागले.

वागियेम : सहा.

तेजो : बू, चहा टाका हो. आणि ही ताडपत्री किती फडफडतेय! एक शब्द ऐकू येत नाही.

वागियेम : फडफडणारच. ती वाळूची पिशवी बांधलीये तिला खाली ओढायला, आणि तू त्या पिशवीवर पाय टाकून बसलायस राजासारखा. सरकव पाय. दोरी सुटली तर माझं छप्पर शेजारच्या शेतात जाईल.

तेजो : राजासारखा नाही, राजपुत्रासारखा. उद्या उत्सवातल्या नाटकात बघाच तुम्ही. दोन पंख, मुकुट, आणि मी असा पडद्यामागून वर... सगळं गाव माना वर करून!

वागियेम : तुमच्या नाटकमंडळीच्या गुरुजींनी काय म्हटलं ते पण ऐकलंय मी. ढगांचा राजपुत्र येतो, पण त्याचं पोट त्याच्या आधी येतं.

तेजो : म्हणून तर हे पथ्य धरलं ना कांगबरोबर! म्हणजे साथ द्यायला धरलं. साथही आणि स्वार्थही.

लार्सो : तुझं पोट म्हणजे गंमत आहे. माझं तसं नाही. मंगळवारी सरकारी दवाखान्यात रक्त काढणार. दोन महिन्यांत साखर उतरली नसेल तर रोज सुई, म्हणाली नर्सबाई. रोज.

वागियेम : एवढा दांडगा माणूस! अख्खा राजपुत्र दोरानं ओढून छताला लावतो, आणि बोटभर सुईला भितो.

लार्सो : दोर टोचत नाही, बू. आणि माझ्या थोरल्या भावाचं सुईवरूनच सुरू झालं होतं. आता त्याच्या उजव्या पायाला दोन बोटं उरलीत.

तेजो : तुझं तसं व्हायचं नाही. तू किती मन लावून करतोयस! आधी पालेभाजी, मग सोयाबीनचं तेंपे, भात अगदी शेवटी आणि तोही लाल, मूठभर. नर्सबाईचा कागद तुला तोंडपाठ आहे. साखर धावत नाही, चालत चढते, असंच ना?

लार्सो : असंच. कुठलं खाणं रक्तात साखर पळत नेतं आणि कुठलं चालत, ते बघायचं. शेंगदाणे चालतात. पपई चालते. पांढरा भात पळतो. गोड चहा मोटरसायकलवर बसून जातो.

तेजो : आणि केळ्याची भजी?

लार्सो : त्यांना पंख असतात. तुझ्यासारखे. ते जाऊ दे. मला सांग, हे काय आहे? "मंगळवार, जेवलो नाही. बुधवार, जेवलो नाही. गुरुवार दुपार, जेवलो नाही." मागच्या आठवड्यात चार वेळा. त्याच्या मागच्या आठवड्यात तर पाच.

तेजो : हो. मग नाहीच जेवलो.

लार्सो : विचारीन विचारीन म्हणत होतो. अरे, उपाशी राहायला कुणी सांगितलं होतं? नर्सबाईनं बजावलं होतं, वेळेवर खायचं, पण बघून खायचं.

वागियेम : उपाशी? कोण, हा?

तेजो : बू, तुमचं तेल जळतंय बहुतेक.

वागियेम : जळू दे. मंगळवारी दुपारी कोण आलं होतं इथे? नूडल्स, दोन बशा. वर अंडं. वर म्हणतो, रस्सा उरलाय, वाया जाईल, त्यात अजून एक पुडी सोडा. बुधवारी बाक्सो, मांसाच्या गोळ्यांचा रस्सा. एक वाटी नाही, तीन. गोळे संपले तेव्हा उठला. आणि गुरुवारी शाळेसमोर पाव खाताना मी स्वतः बघितला. आत गोड दूध, वर चॉकलेटचा भुगा.

लार्सो : तेजो?

तेजो : पण भात होता का त्यात? कांग, तूच सांग, भात होता?

लार्सो : ...नव्हता.

तेजो : मग? भात पोटात गेला नाही तर जेवण कुठे झालं? आई विचारते, जेवलास का रे. मी म्हणतो, नाही गं, नुसते नूडल्स खाल्ले. ती लगेच ताट वाढते. माझ्या आजोबांनी लग्नात आख्खी बकरी खाल्ली आणि घरी येऊन म्हणाले, उपाशी आलोय. सगळं गाव असंच बोलतं की! तू पण असंच बोलतोस.

लार्सो : तोंडानं बोलतो. वहीत लिहिलं की वाटतं, खरं आहे.

तेजो : मी खरंच लिहिलं! खोटं एक अक्षर नाही. जेवलो नाही, तर जेवलो नाही असं लिहिलं. बाक्सो म्हणजे तोंडात टाकणं झालं. पाव म्हणजे वाऱ्यावरचं.

वागियेम : म्हणूनच आठ आठवड्यांत फक्त एक किलो उतरलास. वाऱ्यावर पोसला गेलास.

लार्सो : म्हणजे तू उपाशी नव्हतास. एकही दिवस?

तेजो : एकही नाही. आता असं का बघतोयस? रागावलास? बरं, माझं चुकलं. पुढच्या आठवड्यापासून तोंडात टाकलेलंही लिहीन. कांग? शिवी तरी घाल.

लार्सो : नाही रे. काही नाही. माझी वही बघ आता.

तेजो : तुझी काय बघायची? तुझी वही म्हणजे शाळेत मास्तर सगळ्यांना दाखवायचे तसली असते. सोमवार, पालेभाजी, तेंपे, उकडलेलं मक्याचं कणीस. मंगळवार, तेच. बुधवार, तेच आणि पपई. अक्षरसुद्धा एकसारखं, जसं काही एका बैठकीत लिहिलंय सगळं.

लार्सो : अक्षर चांगलं आहे माझं.

तेजो : आहेच. पण मग आज भातगिरणीच्या काट्यावर असं कसं झालं? तू शहाऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर आला होतास. मी गिरणीवाल्याला अभिमानानं सांगितलं होतं. मग दोन शुक्रवार तू काट्यावर चढलाच नाहीस, गुडघा दुखतो म्हणालास. आणि आज एक्क्याऐंशी.

लार्सो : तो काटा पोत्यांसाठी आहे. माणसाला जरा जास्त दाखवतो.

तेजो : मला नाही जास्त दाखवत. मला त्र्याहत्तर दाखवतो, कितीही पोट आत ओढलं तरी.

वागियेम : घ्या. चहा. हा तुझा, हा लार्सोचा. मोठा पेला, तीन चमचे.

लार्सो : बू, बिनसाखरेचा.

वागियेम : आज बिनसाखरेचा?

तेजो : आज? "आज" म्हणजे काय, बू? रोज काय असतो मग?

वागियेम : मी काही बोलले नाही. मला तळायचंय.

तेजो : इतका वेळ तुमचा झाराही थांबत नव्हता आणि जीभही. माझी मोडकी भजी मोजलीत. आता तळायचंय? बू, इकडे बघा. कांग इथे येतो का रोज?

वागियेम : मला शपथ घातलीये त्यानं.

तेजो : मग तोंडानं बोलू नका. मान हलवा नुसती. सकाळी येतो?

लार्सो : पुरे कर, तेजो. मीच सांगतो. येतो. साडेसहाला. दोन ताटं पांढरा भात, त्यावर गोड सॉसमधलं मांस, आणि गोड चहा. पंधरा दिवस झाले. झालं समाधान?

तेजो : पंधरा दिवस! कांग, मंगळवारी तुझं रक्त काढणार आहेत!

लार्सो : माहीत आहे.

तेजो : आणि वहीत पपई लिहितोस? पपई! मी मोडक्या भज्यांवरून मान खाली घालून बसलोय इथे, आणि तू माझा गुरू बनून चष्मा लावून वाचतोयस! भावाची बोटं मला सांगतोस आणि स्वतः... जीभ आवरत नव्हती तर मला बोलायचंस ना. त्यासाठीच तर आपण दोघं होतो. मी आलो असतो सकाळी, तुझा हात धरून बसलो असतो.

वागियेम : आणि एक ताट स्वतः खाल्लं असतंस.

तेजो : बू!

लार्सो : जिभेसाठी नाही खाल्लं, तेजो. मला तर आता नको वाटतो तो चहा. दात शिवशिवतात गोडानं. घोट घोट करून औषधासारखा घेतो.

वागियेम : हे खरंय. मी म्हटलं पण, खाताना असं तोंड का करतो हा माणूस? माझ्या हातची चव गेली का?

तेजो : मग कशासाठी?

लार्सो : वजनासाठी.

तेजो : कसल्या वजनासाठी?

लार्सो : तुझ्या. म्हणजे माझ्या. तुला वर कसा नेतो मी? सांग.

तेजो : दोरानं. मधे तुळईला चाक आहे. एका टोकाला मी, एका टोकाला तू. तू पडद्यामागे शिडीवर उभा असतोस. ढोल वाजला की दोर धरून शिडी सोडतोस. तू खाली येतोस, मी वर जातो.

लार्सो : मी खाली का येतो?

तेजो : तू जड आहेस म्हणून.

लार्सो : होतो म्हणून. मागची तालीम आठवते? पंखबिंख लावून केली ती.

तेजो : आठवते की! वर गेलो, आणि मग असा सूंऽऽ करून हातभर खाली आलो. पोरांनी काय टाळ्या पिटल्या! मला वाटलं, कांगनं मुद्दाम झोका दिला.

लार्सो : मुद्दाम कसला. तू त्र्याहत्तर. पंख, मुकुट, कंबरपट्टा मिळून सात. झाले ऐंशी. मी अठ्ठ्याहत्तर. पहिल्या हिसक्यात तुला वर नेला, आणि मग तू खाली यायला लागलास आणि मी वर. माझे पाय जमिनीवरून सुटले, तेजो. शिडीच्या पायरीला डोकं आपटलं तेव्हा कळलं की मी उडतोय.

तेजो : तू... पडद्यामागे?

लार्सो : पडद्यामागे. लुंगीत.

वागियेम : अगं बाई! म्हणून ते टेंगूळ! मला म्हणाला, दाराची चौकट लागली.

तेजो : म्हणजे त्या दिवशी मंडळीत दोन राजपुत्र उडाले. हसू नको म्हणतोय मी स्वतःला, कांग, पण लुंगीत... थांब, हात दाखव. दोन्ही. हे काय झालंय?

लार्सो : दोर सरकला हातातून. बरं होतंय आता.

तेजो : सोडला का नाहीस?

लार्सो : सोडला असता तर तू दोन माणूस उंचीवरून रंगमंचाच्या फळ्यांवर पडला असतास. काहीतरीच विचारतोस. पायानं शिडी पकडली, तुझा झोका थांबवला. पोरांच्या टाळ्या मी पण ऐकल्या.

तेजो : आणि मला सांगितलं नाहीस. पंधरा दिवस. मला म्हणायचंस, तेजो, तू तीन किलो उतर. एवढंच तर होतं!

लार्सो : म्हणणारच होतो. त्या शुक्रवारी इथेच बसलो होतो, बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि आधी तुझी वही उघडली. "जेवलो नाही." पाच वेळा. मला वाटलं, पोरगं माझ्यासाठी उपाशी मरतंय आणि तरी किलोच्या वर उतरत नाही. हाडच जड असेल त्याचं. ह्याला आणखी काय सांगायचं? म्हणून म्हटलं, चुलीत जाऊ दे, उत्सवापुरता मीच वाढतो. उत्सव झाला की परत सुरू करू.

तेजो : हाड नाही जड, कांग.

वागियेम : आता कबूल करतो! मघाशी कशी चुरुचुरु जीभ चालली होती.

तेजो : मी तीन तीन वाट्या बाक्सो हाणत होतो. आणि तू इथे सकाळी बसून...

लार्सो : जाऊ दे. उद्याचा प्रयोग होऊ दे. एक्क्याऐंशी झालोय, एका किलोनं पुढे आहे. आज दोन ताटं आणि उद्या सकाळी दोन ताटं मारली की बेताचं जमेल. बू, वाढा एक. आता लपवायचं काय राहिलंय!

तेजो : बू, वाढू नका. मी उडत नाही उद्या.

लार्सो : वेडा आहेस का?

तेजो : चालत येतो. ढगांचा राजपुत्र चालत येऊ शकत नाही का? म्हणेन, आज ढग खाली उतरलेत.

लार्सो : पोरं अंडी मारतील. आणि तू दोन वर्षं त्या पंखांची वाट बघितलीस. आईला सांगून ठेवलंयस, पहिल्या रांगेत बस. मला माहीत नाही का? बू, वाढा.

तेजो : वाढलंत तर ते ताट मी खाईन.

वागियेम : तू खाल्लंस तर तू अजून जड होशील, मग त्याला तीन ताटं लागतील. असं करत करत माझा तांदूळ संपेल आणि तुम्ही दोघं त्या तुळईसकट खाली याल. काय माणसं आहात रे! ह्याला तू कांग म्हणतोस, सख्ख्या थोरल्या भावासारखा, आणि तो तुला पोटच्या पोरासारखा बघतो, पण दोघांत मिळून अक्कल एक नाही. वजन पाहिजे म्हणून कुणी भात खातं? ही माझी ताडपत्री उडते, म्हणून मी तिला जेवायला घालते का?

(दोघंही खाली, तेजोच्या पायाशी असलेल्या पिशवीकडे बघतात.)

तेजो : वाळू.

लार्सो : वाळू.

तेजो : कमरेला.

लार्सो : पट्ट्यानं. मागच्या बाजूला, म्हणजे शिडीत अडकणार नाही. पंधरा दिवस भात खाल्ला मी, तेजो!

वागियेम : आणि नदीत वाळू फुकट पडलीये.

तेजो : हे तुला सुचलं कसं नाही, कांग?

लार्सो : भुकेल्या माणसाला भातच सुचतो. वाळू कशी सुचेल? तुला सुचली?

तेजो : मला आत्ता कळलं की तू लुंगीत उडतोस. मला वेळ कुठे मिळाला? बू, किती असेल ही पिशवी?

वागियेम : दहा किलो. गिरणीवरच तोलली होती. उद्या घेऊन जा, छपराला मी पाटा बांधते. आणि लार्सो, ऐक. दहा किलो वाळू काय आणि दहा किलो भात काय, दोराला कळत नाही. पण वाळू रक्तात जात नाही. प्रयोग झाला की सोडून खाली ठेवायची आणि घरी जायचं.

लार्सो : कळलं, बू.

वागियेम : कळलं काय कळलं. आता हे घे. पालेभाजी, तेंपे, उकडलेले शेंगदाणे. भात मागितलास तर झारा डोक्यात घालीन, त्याच टेंगळावर. आणि राजपुत्र, तुलाही तेच. हे जेवण आहे, भात नसला तरी. लिहून ठेव.

तेजो : लिहितो. "शुक्रवार. जेवलो." बघा, बू, पहिल्यांदा लिहिलं.

लार्सो : तेजो, मंगळवारचं काय करू? पंधरा दिवसांचा भात तीन दिवसांत कुठे उतरणार? आकडा वाईट येणार.

तेजो : येईल. मी येतो बरोबर. आधी नर्सबाईला सगळं सांगायचं, तुळईपासून पपईपर्यंत. मग बोट पुढे करायचं.

लार्सो : हसेल ती.

तेजो : हसू दे. हसली की सुई हळू टोचते. आणि म्हणाली की आता रोजची सुई, तर रोजची. मी शेजारी बसेन, तू तिकडे खिडकीकडे बघायचं.

लार्सो : रोज येशील?

तेजो : रोज येईन. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे, बाक्सोच्या तीन वाट्या वाचल्या. पण एक ऐक, कांग. तू उतरत जा. माझा विचार करायचा नाही. तू एक किलो उतरलास की पिशवीत एक किलो वाळू घालायची. जड झाली तरी घाबरायचं नाही. ती हलकी करणं माझ्याकडे.

लार्सो : म्हणजे?

तेजो : म्हणजे मी जेवढा उतरेन तेवढी वाळू काढायची. नूडल्स लिहीन, पाव लिहीन, कुणाच्या ताटातलं उचललं तर तेही लिहीन.

वागियेम : मोडकी भजी?

तेजो : मोडकी आधी लिहीन. आणि पुढच्या उत्सवाला, कांग, ही पिशवी इथे बूच्या ताडपत्रीला बांधलेली असेल, आणि तू शिडीवरून मोकळ्या कमरेनं उतरशील. हे मात्र आत्ताच लिहितो. खाली माझं नाव पण घालतो. घे. चष्मा लाव आणि वाच.